टाकी कुठल्या हाताला

सिकंदरभाईंना उडायची स्वप्नं पडायला लागली तेव्हा सगळ्यात आधी प्रणालीनं त्यांची चेष्टा केली.

"उंची वाढतेय तुमची," ती म्हणाली. "आमच्या वस्तीवर म्हातारी माणसं सांगायची, पोरगं स्वप्नात उडालं की समजायचं, वाढतंय."

"पन्नाशी उलटल्यावर?"

"मग आडवी वाढत असेल."

पवनचक्कीच्या खांबातून वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये दोघं उभे होते. लिफ्ट कसली, कपाटाएवढा पिंजराच. दोन माणसं त्यात मावतात ती एकमेकांच्या नाकासमोर नाक ठेवून. वर पोचेपर्यंत गप्पा मारल्या नाहीत तर करायचं काय? म्हणून रोज काहीतरी निघायचंच. त्या दिवशी स्वप्न निघालं.

"रोज एकच गं," सिकंदरभाई म्हणाले. "अंगणातनं उठतो. असा तरंगतो. शाळेच्या कौलांवरनं जातो, आणि मग आमच्या गावची पाण्याची टाकी येते. उजव्या हाताला. मला जायचं असतं सरळ, समोर नदी दिसत असते चकचकीत. पण जमत न्हाई. टाकीभवती फिरतो तो फिरतोच. टाकी आपली उजव्या हाताला."

"प्रदक्षिणा घालताय की काय टाकीला?"

"हस तू."

ती हसलीच. पण लिफ्टमधून बाहेर पडताना सिकंदरभाईंनी शिडीची दांडी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवली. बोटांची पेरं पांढरी झाली होती. प्रणालीनं ते बघितलं आणि तिचं हसू तिथंच विरलं.

आता हे दोघं कोण ते ऐका. म्हसोबाचा सडा म्हणजे सगळा काळा कातळ, झाड नावाला नाही, आणि वारा असा की तोंडातला शब्द तोंडातच राहावा. त्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या होत्या. त्यांची पाती धुणं, फोटो काढणं, भेगा शोधणं, सगळं ड्रोन करायचे. पण वारा चढला की ड्रोन गवताच्या काडीसारखे भिरकावले जायचे, आणि नेमकं तेव्हाच वर काहीतरी बिघडायचं. म्हणून थोडी माणसं अजून लागायची. सिकंदर मुलाणी त्यातले सगळ्यात जुने. प्रणाली येडगे सगळ्यात नवी, सड्याच्याच खालच्या धनगरवस्तीतली, डिप्लोमा करून आलेली. तिला वर चढायला त्यांनी शिकवलं होतं. चढायला म्हणजे, घाबरायचं कधी आणि नाही कधी, ते.

या लोकांचे दोन नियम होते. कंपनीचे नव्हेत, त्यांचे स्वतःचे. पहिला, आपला पट्टा आपण बांधायचा नाही. कमरेचा, खांद्यांचा सगळा साज जोडीदारानं समोर उभं राहून चढवायचा. हिरवी कडी उजव्या खांद्याला, लाल डाव्या, ओढून बघायचं, थोपटायचं. प्रणालीची बोटं हे आता अंधारातसुद्धा करू शकत होती. आणि दुसरा नियम हाकेचा. वर छपरावर गेलं की प्रत्येक पावलाला जोडीदार विचारणार, "हूक?" आणि आपण म्हणायचं, "लागला." लागल्याशिवाय लागला म्हणायचं नाही. बाकी सगळ्या बाबतीत सिकंदरभाई थापा मारायचे. आपण तरुणपणी कुस्तीत कुणाला लोळवलं याच्या तर रोज नव्या. पण या एका शब्दाला आयुष्यात कधी खोटे पडले नव्हते.

त्याच वर्षी सड्यावर झोपतपासणी आली.

तुम्हाला वाटेल, पवनचक्कीवर झोपेचं काय काम? तर ते डॉक्टर वैदेही राजोपाध्ये बाईंनी एका दुपारी कंटेनरमध्ये सगळ्यांना बसवून सांगितलं. आपल्या कानाच्या आत, ऐकायच्या भागाच्या मागे, तीन बारीक वाकड्या नळ्या असतात आणि त्यांत पाणी असतं. डोकं हललं की पाणी हलतं, मेंदूला खबर जाते. डाव्या कानाची खबर, उजव्या कानाची खबर, डोळ्यांची, पायाखालच्या जमिनीची, सगळ्यांची बेरीज करून मेंदू ठरवतो की आपण उभे आहोत की कललो. स्वप्नाच्या झोपेत शरीराला कुलूप लागतं. हातपाय गप्प, डोळे मिटलेले, जमिनीची खबर बंद. कान मात्र जागाच असतो. मेंदूला तोल कळतो, पण जमीन सापडत नाही. मग तो गोष्ट रचतो की आपण उडतोय.

"आणि एक कान मंदावला असेल तर?" बाई म्हणाल्या. "बैलगाडी आठवा. उजवा बैल थकला की गाडी उजवीकडे ओढली जाते. जागेपणी डोळे ते सांभाळून घेतात, वर्ष वर्ष कळतही नाही. पण स्वप्नात सांभाळणारं कुणी नसतं. माणूस सरळ उडूच शकत नाही. एकाच बाजूला वळत राहतो."

डोक्याला बांधायची एक पट्टी होती. ती मेंदूतल्या लहरी वाचायची आणि सांगायची, हा माणूस स्वप्नात कुठल्या बाजूला वळतोय. म्हणजे वर चक्कर आली तर कुठल्या बाजूला कोसळेल.

बाकीचे जांभया देत होते. प्रणाली मात्र सरळ बसली. टाकी. रोज तीच टाकी.

ती सिकंदरभाईंकडे बघत नव्हती. ते तिच्याकडे बघत होते, आणि नजरेत स्पष्ट होतं, तोंड उघडायचं नाही.

दोन दिवस तिनं नाही उघडलं. तिसऱ्या दिवशी वर सिकंदरभाईंचा पाय शिडीच्या पायरीऐवजी हवेत पडला. सावरले लगेच, वर शिवीपण घातली पायरीला. खाली आल्यावर प्रणाली सरळ बाईंच्या कंटेनरमध्ये गेली आणि सगळं सांगून टाकलं.

सिकंदरभाईंनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "लिफ्टमधली गोष्ट लिफ्टमध्ये राहते असं वाटत होतं मला."

"भाई, तुम्ही पडला असतात."

"तू धरलं असतंस. जोडी कशाला असते मग?"

त्या दिवसापासून लिफ्टमध्ये शांतता. नाकासमोर नाक आणि दोघांची नजर आपापल्या बुटांवर. भाईंची बायको, शमीमभाभी, डब्यात प्रणालीसाठी म्हणून वेगळी भाकरी द्यायच्या, ती तेवढी चालू राहिली. भाई ती तिच्यासमोर ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूला तोंड करून जेवायचे.

झोपतपासणी भरदुपारी झाली. कंटेनरच्या खिडक्यांना काळे पडदे, आत एक कॉट. पट्टी कानामागे बारीक थरथर देऊन माणसाला अलगद स्वप्नाच्या झोपेत उतरवायची. बाईंची असिस्टंट पट्टी बांधायला पुढं आली तर सिकंदरभाई मागं सरकले.

"जोडीदार बांधील," ते म्हणाले.

रागावले असले तरी नियम तो नियम. प्रणालीनं असिस्टंटच्या हातातून पट्टी घेतली.

बाई हसल्या. "बांधू दे तिला. पट्टीवरचा हिरवा ठिपका झोपणाऱ्याच्या डाव्या कानावर आला पाहिजे, एवढंच बघ." आणि त्या मशीनच्या स्क्रीनकडे तोंड करून आकडे बघत बसल्या. पाठ या दोघांकडे.

प्रणालीनं मान हलवली. ऐकलं तिनं, समजलंसुद्धा. मग ती भाईंच्या समोर उभी राहिली, रोज उभी राहायची तशी. पट्टी चढवली, ओढून बघितली, थोपटली. भाईंनी डोळे वर करून तिच्याकडे बघितलं नाही. तिला तेवढंच जाणवत होतं. हात आपलं काम करत होते.

निकाल आला. डावीकडे.

"डावीकडं कसं?" सिकंदरभाई उठून बसले. "टाकी उजव्या हाताला असते माझ्या."

"काका, जाग आल्यावर आपण स्वप्न जुळवून घेतो," बाई समजुतीनं म्हणाल्या. "आठवण बदलते. पट्टी आठवणीवर जात नाही, जे घडतंय तेच वाचते."

सिकंदरभाईंनी प्रणालीकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी बघितलं. तू तरी सांग, असं.

"मशीनला कळत असेल ना भाई," ती म्हणाली.

त्यांनी मान फिरवली.

पण त्यांचं चढणं सुटलं नाही. त्यावर उपाय होता, आणि प्रणाली त्या उपायावर जाम खूष होती. एक हेल्मेट. त्याच्या आत, दोन्ही कानांच्या मागे दोन छोट्या चकत्या. त्यातून मुंगी चालल्यासारखा बारीक विजेचा प्रवाह. थकलेल्या कानाच्या बाजूला माणूस कलायला लागला की प्रवाह त्याला दुसऱ्या बाजूला लोटणार. डावा कान थकलाय तर उजवीकडे लोटा. बाजू तपासणीतून एकदा ठरली की ठरली. पुढे हेल्मेट फक्त डोळ्यांची फडफड मोजायचं, कारण चक्कर आली की बुबुळं फडफडतात. फडफड वाढली की जोर वाढव, एवढंच त्याला कळायचं. ते बंद करायची चावी घालणाऱ्याकडे ठेवलेली नव्हती, चक्कर आलेला माणूस काय वाटेल ते करतो म्हणून. चावी जोडीदाराच्या मनगटावर. आणि ती खालून परवानगी मिळाल्याशिवाय फिरवली तर फिरवणाऱ्याचं वर चढणं कायमचं बंद.

जमिनीवर घालून बघितलं तेव्हा सिकंदरभाई म्हणाले, "डोकं एका अंगाला जड वाटतंय."

"सवय होईल," असं त्यांना दोघींनी सांगितलं.

सवय व्हायला वेळ मिळालाच नाही. कोकणच्या समुद्रात वादळ उठलं. ते किनाऱ्यावर येणार नव्हतं, बाहेरच्या बाहेर जाणार होतं, पण त्याचा वारा संध्याकाळी सड्यावर पोचणार होता. आणि नेमका नऊ नंबरच्या चक्कीचा कोंबडा मेला. कोंबडा म्हणजे छपरावरचं वाऱ्याची दिशा सांगणारं यंत्र. तो मेला की चक्कीला वारा कुठून येतोय ते कळत नाही आणि ती तोंड फिरवत नाही. वाऱ्याला आडव्या उभ्या राहिलेल्या चक्कीवर वादळ आलं तर पाती मोडतात, खांबही जातो. आणि नऊ नंबरच्या बरोबर खाली प्रणालीची वस्ती होती.

ड्रोन सोडून बघितला. तो दरीच्या दिशेनं गेला तो परत आला नाही.

"मी जातो," सिकंदरभाई म्हणाले. "येडगे, साज चढव."

ते तिला प्रणाली म्हणायचे. रागावल्यापासून येडगे.

तिनं साज चढवला. हिरवी कडी उजव्या खांद्याला, लाल डाव्या. हेल्मेट घातलं, चकत्या नीट बसल्या का बघितलं. लिफ्ट वर निघाली. खांब हलत होता. वर गेल्यावर खांबाच्या डोक्यावरची एसटीएवढी खोली, तिला सगळे डबा म्हणायचे, तोही हलत होता. डब्याच्या छताचं झाकण ढकललं तसा वारा आत घुसून तोंडावर आदळला.

सिकंदरभाई बाहेर पडले. प्रणाली झाकणात छातीपर्यंत उभी. छपराच्या दोन्ही कडांना लोखंडी दांड्या होत्या. त्यांना हूक लावत लावत शेवटच्या टोकाला जायचं. टोकाला कोंबडा.

"हूक?"

"लागला."

एक पाऊल. आधी एक हूक काढायचा, पुढं लावायचा, मग दुसरा. कधीही दोन्ही सुटे नाहीत.

"हूक?"

"लागला."

छान चाललं होतं. खाली सगळा सडा पिवळट दिसत होता, वस्तीवरची मेंढरं कुणीतरी वाड्यात कोंडत होतं. प्रणालीनं तिकडून नजर काढली. भाई छपराच्या निम्म्यावर पोचले होते, आणि उजवीकडे कलले होते.

वाऱ्यामुळे असेल, तिला वाटलं. पण वारा उजवीकडूनच येत होता. वाऱ्यानं माणूस डावीकडे झुकायला पाहिजे.

"हूक?"

उत्तर नाही.

"भाई, हूक?"

"छप्पर फिरलं का गं?" सिकंदरभाईंचा आवाज कानातल्या रेडिओवर आला. घोगरा. "ही दांडी खाली गेली. पलीकडची वर आली."

"नाही भाई. काही फिरलं नाही. हूक दाखवा."

त्यांनी हात वर केला. हातात पहिला हूक लोंबत होता, कुठंच न लावलेला. आणि दुसरा हात उरलेल्या हूककडे निघाला होता. त्यांना पलीकडच्या दांडीला जायचं होतं. त्यांच्या मते वर असलेल्या दांडीला.

"दुसरा काढू नका! भाई, दुसऱ्याला हात लावू नका."

"खाली घसरतंय सगळं," ते म्हणाले. तक्रार केल्यासारखं.

"मॅडम," प्रणाली रेडिओवर म्हणाली, "ते कलतायत. हेल्मेट काम करत नाहीये."

"करतंय," खालून वैदेहीबाईंचा आवाज आला. तोही ताणलेला. "फडफड खूप वाढलीय त्यांची. प्रवाह जवळजवळ पूर्ण चढलाय. आत्ता तेवढ्या आधारावरच ते उभे आहेत. तू चावीला हात लावू नकोस. त्यांना बसायला सांग."

"भाई, खाली बसा."

"कुठं बसू? खाली कुठाय?"

प्रणाली झाकणातून बाहेर निघाली. आपला हूक लावला. त्यांच्यापर्यंत पोचायला अजून चारदा हूक बदलावे लागणार होते आणि भाईंचा अंगठा कडीच्या खटक्यावर होता. तिची नजर त्या अंगठ्यावरून वर सरकली, खांद्यावर गेली. उजवा खांदा. त्याच्यावरची हिरवी कडी उन्हात चमकत होती.

हिरवी उजवीकडे. तिनंच बांधलेली. ती नेहमीच हिरवं उजवीकडे बांधते.

नेहमी.

काळ्या पडद्यांचा तो कंटेनर तिच्या डोळ्यांपुढे आला. समोर कॉटवर बसलेले भाई, नजर न देणारे. आणि तिचे हात, आपलं आपलं काम करणारे. हिरवा ठिपका डाव्या कानावर, असं बाई म्हणाल्या होत्या. तिनं मान हलवली होती. पण हातांना कुणी सांगितलं होतं?

"मॅडम, बाजू उलटी आहे," ती म्हणाली. "पट्टी मी उलटी बांधली होती. उजवा कान गेलाय त्यांचा. हेल्मेट त्यांना उजवीकडेच ढकलतंय. चावी फिरवू द्या."

"तुला आठवतंय? नक्की?" बाई म्हणाल्या. "प्रणाली, तू चुकत असशील आणि आपण आधार काढून घेतला तर ते तिथंच कोसळतील."

आठवत होतं का? नव्हतं. खरं सांगायचं तर नव्हतं. हातांनी केलेलं काम डोक्याला कधी आठवतं? तिला फक्त हिरवी कडी दिसत होती. तेवढ्यावर भाईंचा जीव लावायचा? एका बाजूला डोक्यात शिरून बघितलेलं मशीन, दुसऱ्या बाजूला तिची बोटं. कुणाला विचारावं?

ज्यानं स्वप्न बघितलं त्याला.

"भाई," ती म्हणाली, आणि आवाज लिफ्टमध्ये असायचा तसा ठेवायचा प्रयत्न केला. "भाई, तुमची टाकी कुठल्या हाताला असते?"

अंगठा थांबला.

"काय?"

"पाण्याची टाकी. उडताना. कुठल्या हाताला?"

"आत्ता इचारतीस?"

"आत्ता."

"सांगितलं होतं की तुला." त्या घोगऱ्या आवाजातसुद्धा राग होता, जुना, साठवलेला. "उजव्या. शंभरदा सांगितलं, उजव्या हाताला. तुला ते मशीन खरं वाटलं."

प्रणालीनं चावी फिरवली.

त्याच क्षणी रेडिओवर बाई म्हणाल्या, "फिरव." पण चावी आधीच फिरली होती. हे पुढं दोघींनाच माहीत राहिलं.

प्रवाह एकदम तुटत नाही. एकदम तोडला तर माणूस झटक्यानं पडेल, म्हणून तो हळूहळू उतरतो. तेवढा वेळ प्रणालीच्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ होता. भाई अजून कललेलेच. अंगठा अजून खटक्यावर. तिला ओरडायचं होतं, पण ओरडून काय सांगणार? त्यांना खाली कुठं तेच कळत नव्हतं. डावं कळत नव्हतं, उजवं कळत नव्हतं. मग ज्याच्या उत्तराला काही कळायची गरजच नव्हती ते तिनं विचारलं. रोजच्या आवाजात.

"हूक?"

भाईंच्या ओठांची हालचाल झाली. सवयीनं. पण शब्द आला नाही, कारण हूक हातात लोंबत होता, आणि लागल्याशिवाय लागला म्हणायचं नाही.

"हूक, भाई?"

त्यांनी हातातल्या हूककडे बघितलं. कुणाचा आहे हा, असं. मग डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी हात पुढं केला, चाचपडला, लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज रेडिओतून आला. एकदा चुकला. पुन्हा घासला. खट.

"लागला," सिकंदरभाई म्हणाले.

"दुसरा?"

अंगठा खटक्यावरून निघाला. "लागला."

ते तसेच गुडघ्यांवर बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "वारा पडला का गं?"

वारा उलट वाढला होता. प्रणाली हूक बदलत त्यांच्यापर्यंत गेली आणि त्यांचे दोन्ही हूक ओढून बघितले.

कोंबडा तिनं बदलला. भाई तिथंच दोन हुकांवर बसून राहिले, दांडीला मिठी मारून, आणि ती त्यांच्यापुढून टोकाला गेली. तिच्या प्रत्येक पावलाला मागून हाक येत होती, "हूक?" आणि ती सांगत होती. नवा कोंबडा वाऱ्यात गर्रकन फिरला, थरथरला, स्थिर झाला. पायाखाली डब्यातून घरघर सुरू झाली, आणि अख्खी चक्की सावकाश तोंड फिरवू लागली. आता खरंच छप्पर फिरत होतं.

"आता फिरतंय ना, का हेपण मलाच वाटतंय?" भाईंनी विचारलं.

"आता फिरतंय."

लिफ्टमध्ये दोघं परत नाकासमोर नाक. प्रणाली बुटांकडे बघत म्हणाली, "मी बाईंना सांगितलं नसतं तर ही टोपी आलीच नसती."

"व्हय," सिकंदरभाई म्हणाले. "आणि कान गेलाय तेबी कळलं नसतं. अशाच एखाद्या दिवशी गेलो असतो, विनाटोपीचा." मग म्हणाले, "सांगितलंस ते बरोबर केलंस. माझं ऐकलं न्हाईस ते चूक. दोन्ही एका डोक्यात ठेवता येतं का बघ."

खाली वैदेहीबाई पट्टी हातात घेऊन उभ्या होत्या. चेहरा उतरलेला. स्टुलावर बसल्या आणि पट्टी प्रणालीच्या हातात दिली. "बांध मला. विचार न करता."

प्रणाली समोर उभी राहिली. चढवली, ओढली, थोपटली. बाईंनी हात वर नेऊन चाचपलं. हिरवा ठिपका त्यांच्या उजव्या कानावर होता.

"मी पाठ फिरवून बसले होते," बाई म्हणाल्या. "आणि ते सांगत होते तेही ऐकलं नाही." मग त्यांनी सिकंदरभाईंकडे वळून म्हटलं, "काका, आता नियम बदलते. आधी माणसानं तोंडानं स्वप्न सांगायचं. मग पट्टी. दोन्ही जुळलं नाही तर पट्टी परत बांधायची."

"चहा घ्या," सिकंदरभाई म्हणाले.

तपासणी पुन्हा झाली. उजवीकडे निघालं. हेल्मेटची बाजू बदलली. भाईंनी ते घालून कातळावर आखलेल्या चुन्याच्या रेघेवरून चालून दाखवलं, जाताना सरळ, येताना सरळ, आणि शेवटी उगाच एका पायावर उभे राहून दाखवलं. शमीमभाभींनी बजावलं होतं, आता जमिनीवरचं काम घ्या म्हणून. भाई म्हणाले, पुढच्या वर्षी. भाभी म्हणाल्या, हे त्या गेली सात वर्षं ऐकतायत.

ज्या दिवशी पुन्हा वर जायचं होतं त्या दिवशी घाबरली होती ती प्रणाली. भाई तिच्यासमोर हात पसरून उभे, आणि ती हातात पट्टा घेऊन नुसतीच बघत राहिलेली. हिरव्या कडीकडे. मग त्यांच्या खांद्याकडे. परत कडीकडे.

"बांध की, प्रणाली," सिकंदरभाई म्हणाले. "लिफ्ट गंजेल."

"आधी स्वप्न सांगा."

"बाई नाहीत इथं."

"मला सांगा. पडलं होतं ना?"

"पडलं." ते जरा लाजले. पन्नाशी उलटलेला, मिशीवाला माणूस, लाजला. "आज टाकी आली उजव्या हाताला, रोजच्यासारखी. फिरायला लागलो. तर खाली तू उभी. नरड्याच्या शिरा ताणून वरडतीयस."

"काय ओरडतेय?"

"हूक, म्हणून. आता सांग, उडणारा माणूस हूक कुठला दाखवणार?"

प्रणालीनं हिरवी कडी त्यांच्या उजव्या खांद्याला लावली. लाल डाव्या. ओढून बघितली. थोपटली.

"मग काय केलंत?"

"काय करतो," सिकंदरभाई म्हणाले. "दाखवला."